बाग गेली, नाव राहिले
(इयत्ता सातवी)

आमच्या शाळेची सहल पुण्याला गेली होती. बुधवार पेठेत गेल्यावर गुरुजी म्हणाले, "आता आपण दोन बागा पाहू." आम्ही झाडे शोधू लागलो. पाहतो तर काय, जिकडेतिकडे दुकानेच दुकाने!

पहिली बेलबाग. ही नाना फडणवीसांची. येथे बेलाची झाडे होती. नानांनी येथे विष्णूचे मंदिर बांधले. ते १७६९ साली पुरे झाले. मी विचारले, "गुरुजी, बेल तर शंकराला वाहतात. मग विष्णूच्या देवळाला बेलबाग कसं म्हणतात?" गुरुजी म्हणाले, "अरे, ते नाव देवावरून नाही, झाडांवरून पडलंय."

दुसरी तुळशीबाग. येथे पूर्वी खासगीवाले घराण्याची बाग होती. नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ मध्ये येथे राममंदिर बांधायला घेतले. पुढे त्यांचे आडनावच तुळशीबागवाले झाले. आता तेथे भांडी नि बांगड्यांचा बाजार भरतो.

मग आम्ही नानावाडा पाहिला. नानांनी तो १७८० च्या सुमारास राहण्यासाठी बांधला. त्याचे सागवानी खांब सुरूच्या झाडासारखे कोरलेले आहेत. मी तर बघतच राहिलो.

त्या काळी पाणी कोठून येई? पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधला. तेथून जमिनीखालच्या नळाने पाणी शहरातल्या हौदांत येई. पंप नव्हता. नुसत्या उताराने पाणी वाहत असे.

घरी आल्यावर मी आजोबांना सगळे सांगितले. आमच्या शेताला 'नऊआंबा' म्हणतात. तेथे पणजोबांचे मातीचे जुने घर आहे. पण आंबे तीनच उरलेत. त्यातला एक यंदा विकायचा ठरला होता. मी म्हणालो, "आजोबा, आपलीपण बेलबाग होणार का?" आजोबा काही बोलले नाहीत. सकाळी मात्र त्यांनी व्यापाऱ्याला परत पाठवले. उन्हाळ्यात आम्ही कोया जपून ठेवल्या आणि पावसाळ्यात सहा आळ्यांत लावल्या. त्यातल्या चार रुजल्या आहेत.

मुलांनो, हे करा :
१. आपल्या गावातील शेतांची व वाड्यांची नावे लिहा.
२. कोणती नावे झाडांवरून पडली, ते आजीआजोबांना विचारा.
३. ती झाडे आज आहेत का, ते जाऊन पाहा. नसतील तर एक तरी लावा.