इमारतीचा पर्यवेक्षक निवडताना

इमारत बांधून पूर्ण होते, तिचे उद्घाटन होते आणि कार्यकारी समितीचे लक्ष दुसऱ्या कामाकडे वळते. वास्तविक इमारतीचे आयुष्य त्यानंतरच सुरू होते. शाळा असो, वसतिगृह असो वा सहकारी गृहनिर्माण संस्था, तिची नित्य देखभाल एका पर्यवेक्षकावर सोपविली जाते. त्याची निवड करताना एक प्रश्न हमखास उपस्थित होतो : वीज, नळ, पंप यांचे ज्ञान असलेला उमेदवार घ्यावा, की माणसांशी नीट वागणारा?

याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम कामाची फोड करावी. अनेक तांत्रिक कामे पर्यवेक्षकाने स्वतः करावयाचीच नसतात. उदाहरणार्थ, महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमानुसार, तो ज्या इमारतींना लागू आहे तेथील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत परवानाधारक संस्थेकडून घ्यावे लागते. अशी कामे पर्यवेक्षकाने वेळेवर करून घ्यावयाची असतात. कंत्राटदाराने काम खरोखर केले की केवळ कागदावर सही केली, हे ओळखण्यास ज्ञान लागते. आणि झालेली कुचराई तोंडावर सांगून काम पुन्हा करवून घेण्यास स्वभाव लागतो.

दोन्ही गुण एकाच क्षणी कसे कसोटीस लागतात, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. वसतिगृहाची सेप्टिक टाकी तुंबली आहे, दुसऱ्या दिवशी समारंभ आहे आणि वरिष्ठ म्हणतात, "एखाद्याला आत उतरवा आणि मोकळे करा." टाकीत प्राणवायू अपुरा असतो व हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू साचतात. हा वायू अधिक प्रमाणात असल्यास घ्राणशक्तीच बधिर होते, त्यामुळे वास येत नाही म्हणून धोका नाही असे समजणे घातक ठरते. आत कोसळलेल्यास वाचविण्यासाठी उतरलेला दुसरा माणूसही प्राणास मुकतो. संरक्षक साधनांवाचून कोणासही असे उतरविण्यास २०१३ च्या केंद्रीय अधिनियमाने मनाई केली आहे. ज्याला हे ठाऊक नाही, तो आदेश निमूटपणे पाळील. ज्याला ठाऊक आहे पण "नाही" म्हणण्याचे धैर्य नाही, तोही तेच करील. परिणाम दोन्हीकडे एकच.

म्हणून दोन्ही गुणांना गुण देऊन त्यांची बेरीज करण्याची रूढ पद्धत येथे योग्य नाही. बेरजेत गोड बोलणे अज्ञानावर पांघरूण घालते आणि कसब उर्मटपणाला झाकते. त्याऐवजी निवड दोन टप्प्यांत करावी.

पहिला टप्पा किमान तांत्रिक पात्रतेचा. मेन स्विच व पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कधी बंद करावा, टाकीतील पाण्यात क्लोरीन मिसळल्यावर किमान अर्धा तास ते का वापरू नये, कोणत्या कामास स्वतः हात लावू नये, एवढे ज्यास सांगता येत नाही, त्यास पुढे बोलावू नये.

दुसऱ्या टप्प्यात, पात्र ठरलेल्यांमधून निवड करताना स्वभावास प्राधान्य द्यावे. कसब पुढे प्रशिक्षणाने वाढविता येते. स्वभाव बदलणे कठीण. उमेदवारास अर्धा तास इमारतीतून फिरवावे व जे दिसले ते लिहून काढण्यास सांगावे. भिंतीवरील ओल, पंपाचा बदललेला आवाज, जिन्यात अडगळ टाकून अडविलेली वाट त्याच्या नजरेस येते काय? दुपारभर पाणी बंद राहणार, हे रागावलेल्या रहिवाशास तो कसे सांगतो? पूर्वीच्या नोकरीत कोणते काम करण्यास त्याने नकार दिला व का, हेही अवश्य विचारावे.

शेवटी एक जबाबदारी निवड करणाऱ्यांचीही आहे. धोक्याचे काम थांबविणाऱ्या पर्यवेक्षकास समितीने पाठीशी घातले नाही, तर उत्तम निवडही व्यर्थ जाते. त्याचा नकार नोंदवहीत लिहिला जावा आणि त्याची दखल घेतली जावी. इमारतीत राहणाऱ्यांची सुरक्षितता अखेर त्यावरच अवलंबून असते.