फ्रेम तुटली : वॉरंटी की अपघात?

एमटीबी सायकली विकणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या बंधूंना ग्राहक हमखास विचारतो, "फ्रेम तुटली, कंपनी बदलून देईल का?"

उत्तर देण्याआधी फ्रेम नीट पाहावी. अॅल्युमिनियम वारंवारच्या हादऱ्यांनी थकते आणि वेल्डिंगजवळ बारीक तडा जातो. सीटपोस्ट खुणेपेक्षा वर काढला असेल, तर सीटखालची नळी तोंडाशी फाटते. समोरून धडक बसली असेल, तर हँडलखालच्या सांध्यामागे नळी चेपते, रंगाला सुरकुत्या पडतात.

वॉरंटी बहुधा पहिल्याच ग्राहकाला आणि साहित्य वा बांधणीच्या दोषापुरती असते. अपघात, उड्या, जादा वजन यांना ती लागू होत नाही. अशा वेळी काही कंपन्या कमी किमतीत नवी फ्रेम देतात. याला क्रॅश रिप्लेसमेंट म्हणतात. ती सवलत आहे, फुकट बदली नव्हे. हा फरक विक्रीच्या वेळीच सांगावा.

बिल, फ्रेम नंबर व तड्याचे फोटो जपावेत. कंपनीचे उत्तर येण्यापूर्वी वेल्डिंग करू नये. त्याने दावा बुडू शकतो, शिवाय ६०६१ अॅल्युमिनियम तापले की सांध्याजवळ नरम पडते.

तोंडी हमीही जपून द्यावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार कंपनीहून वेगळी हमी देणारा विक्रेता स्वतः जबाबदार ठरू शकतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घालून आतला ओला माल उघड केला होता. तड्यावर रंग मारून सायकल विकणे म्हणजे तोच ओला माल झाकणे. येथे तर ग्राहकाच्या जिवाचा प्रश्न आहे.