बिटकॉइनचें यंत्र आणि विजेचा हिशेब

यंत्राची योग्यता त्याच्या वेगावरून ठरवावी, कीं त्यास लागणाऱ्या शक्तीवरून? हा प्रश्न समजून घेण्यास बिटकॉइनचें यंत्र हें उत्तम उदाहरण आहे. हें चलन ३ जानेवारी २००९ रोजीं सुरू झालें. त्याच्या व्यवहारांची वही कोणा एका पेढीच्या हातीं नसून जगभर विखुरलेल्या संगणकांपाशीं असते. ज्याला एक कोडें प्रथम सुटेल, त्यास वहीचें नवें पान जोडण्याचा मान व कांहीं नवीं नाणीं मिळतात. यासच खनन म्हणतात.

पानाच्या मथळ्याचे ८० बाइट घ्यावयाचे, त्यांतील एक आंकडा बदलीत जावयाचें आणि प्रत्येक वेळीं एस्. एच्. ए. २५६ नांवाचें गणित दोनदां करावयाचें. उत्तर ठराविक मर्यादेहून लहान आलें कीं कोडें सुटलें. येथें तर्क चालत नाहीं. केवळ प्रयत्न वाढवावे लागतात. तथापि काटकसरीस जागा आहे. बदलता आंकडा शेवटच्या १६ बाइटांत असतो. म्हणून पहिल्या ६४ बाइटांचें गणित एकदांच करून ठेवितां येतें. तीन टप्प्यांचे दोन होतात व तृतीयांश श्रम वांचतात.

दुसरी काटकसर विजेच्या दाबांत आहे. एक हौद भरण्याची कल्पना करा. पाण्याची उंची दुप्पट केली, तर पाणी दुप्पट लागतें आणि तें सरासरीनें दुप्पट उंच चढवावें लागतें. श्रम चौपट होतात. चिपमधील प्रत्येक कळीचीही हीच गोष्ट आहे. दाब निम्मा केल्यास दर क्रियेची वीज चौथाईवर येते. मात्र वेग मंदावतो आणि दाब फारच उतरविल्यास उत्तरें चुकूं लागतात. सूक्ष्म चिपा व असल्या युक्त्या यांच्या योगानें २०१३ सालच्या पहिल्या खास यंत्रांत एक अब्ज हॅशांस जेथें सुमारें ९ जूल लागत, तेथें २०२३ सालच्या एका यंत्रास ०.०१७५ जूल पुरूं लागले.

स्वतंत्रपणें यंत्र रचूं इच्छिणाऱ्यानें प्रथम आपला आराखडा एफ्. पी. जी. ए. या पुनःपुन्हां जुळवितां येणाऱ्या चिपवर तपासावा. नवी चिप घडविण्याचा खर्च फार मोठा असतो. बिटॲक्स या यंत्राचे नकाशे सर्वांस खुले आहेत. त्यांत मोठ्या यंत्रांतील एकच चिप सुमारें १५ वॅटांवर चालते. मोजमाप करतांना पंखा व वीजपुरवठ्यांतील नुकसानही धरावें, आणि चुकलेलीं उत्तरें वगळावींत. नाहींतर आपणच आपणांस फसवूं.

आतां मुख्य गोष्ट. २०२४ सालीं जगांतील एकूण वेग सेकंदास ६०० एक्साहॅशांच्या आसपास होता. त्या हिशेबानें एक टेराहॅशच्या यंत्रास एक पान सुटण्यास सरासरीनें अकरा हजार वर्षें लागतील! शिवाय दर २०१६ पानांनंतर कोड्याची कठिणता बदलून दर पानास दहा मिनिटेंच लागतील अशी तजवीज केलेली आहे. त्यामुळें यंत्रें काटकसरी झालीं, तरी लोक त्यांची संख्या वाढवितात आणि जगाची वीज वांचतेच असें नाहीं. उलट, इथेरियम या चलनानें १५ सप्टेंबर २०२२ रोजीं खननाची पद्धतच सोडली, तेव्हां त्याची बहुतेक सर्व वीज वांचली.

विद्यार्थिबंधूंनो, यंत्र जरूर बांधा. त्यापासून होणारी विद्या खरी आहे. परंतु धनाच्या आशेनें बांधूं नका; आणि काम कमी विजेंत कसें करावें याबरोबरच तें करावें काय, हाही प्रश्न आपणांस विचारावा, इतकेंच आमचें सांगणें आहे.