कुत्र्याची खाज : दोष जेवणाचा आहे का?

कुत्रा सारखा खाजवू लागला, केस झडू लागले की वस्तीत दोन उपाय ठरलेले असतात. अंगाला गाडीचे जळके ऑइल लावायचे, नाहीतर त्याला लांब नेऊन सोडायचे. ऑइल विषारी असते. कुत्रा अंग चाटतो आणि ते पोटात जाते. म्हणून आधी कारण शोधावे.

पहिले : पिसवा, गोचीड आणि खरूज आहे का ते बघा. एका प्रकारची खरूज घरातल्या माणसांनाही खाज आणते. त्यामुळे सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्याला दाखवून आधी हे उपचार पूर्ण करा.

दुसरे : तरीही बारा महिने खाज, पंजे चाटणे, कान पुन्हा पुन्हा चिघळणे, सोबत कधी पातळ शौच असे चालूच राहिले, तर अन्नाची ॲलर्जी असू शकते. 2016 साली 297 कुत्र्यांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. त्यात गोमांस, दूध, चिकन आणि गहू ही मुख्य कारणे निघाली. म्हणजे रोजची दूध-पोळी किंवा चिकनच्या दुकानातले तुकडेही कारण असू शकतात.

तिसरे : रक्त, केस किंवा लाळेच्या तपासणीवर पैसे घालू नका. 2019 च्या एका अभ्यासात खेळण्याचे खोटे केस आणि साधे पाणी पाठवले, तरी अशा तपासणीने ‘ॲलर्जी’ दाखवली!

खरी परीक्षा जेवणाची : डॉक्टरांना विचारून कुत्र्याने पूर्वी न खाल्लेला एकच मांसाहार निवडा. उदा. चिकन-दूध खाणाऱ्याला काटे काढलेले उकडलेले मासे आणि भात. मीठ, तिखट, कांदा, लसूण नको. हे आठ आठवडे चालवा. या काळात बिस्किट, भाकरीचा तुकडा, मांसाच्या चवीची गोळीही नको. कुत्रा बांधून ठेवा. मुलांना आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा, कारण एका घासाने सगळी मेहनत वाया जाते. पिल्लू किंवा गाभण कुत्री असेल तर डॉक्टरांशिवाय हे करू नये.

शेवटची पायरी : खाज कमी झाली, तर जुने अन्न पुन्हा सुरू करा. काही तासांत ते दोन आठवड्यांत खाज परतली, तर ॲलर्जी पक्की. मग एकेक पदार्थ वेगळा देऊन नेमका कोणता ते ओळखा आणि तेवढाच बंद करा. आठ आठवड्यांतही फरक पडला नाही, तर दोष जेवणाचा नसण्याचीच शक्यता जास्त. पुन्हा दवाखान्यात दाखवा.