कागदाच्या गुंडाळीला पैसे देऊ नका

अमेरिकेत बँकेत चिल्लर मागितली की ती कागदात घट्ट गुंडाळून मिळते. सेंट आणि डाइम पन्नास-पन्नास, निकेल आणि क्वार्टर चाळीस-चाळीस, हाफ डॉलर वीस. आपल्याकडे बँक शंभर नाण्यांची प्लास्टिकची पिशवी हातात ठेवते, त्यामुळे न्यू जर्सीला आलो तेव्हा हा ‘रोल’ प्रकार मला नवा होता. पुढे त्याचाच नाद लागला. मंडळातली तरुण मुलं हल्ली विचारतात, कुठला रोल घ्यावा, कितीला घ्यावा. त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथे लिहितो आहे.

१. पहिले रोल बँकेतून घ्या

नाण्यांच्या दुकानात पाऊल टाकण्याआधी बँकेत जा आणि हाफ डॉलरचे रोल मागा. सगळ्या शाखांत नसतात, पण सांगून ठेवलं तर मागवून देतात. दहा डॉलर द्यायचे, वीस नाणी घ्यायची आणि घरी येऊन सालं बघायची. १९६४ किंवा त्याआधीचं नाणं निघालं तर त्यात ९० टक्के चांदी. १९६५ ते १९७० मधलं असेल तर ४० टक्के. बहुतेक वेळा काहीच निघत नाही. मग ती नाणी पुन्हा बँकेत भरायची. भरताना दुसरी शाखा गाठा, नाहीतर तेच रोल फिरून तुमच्याच हातात येतील. यात पैसा जात नाही आणि डोळा तयार होतो. हा डोळा पुस्तक वाचून येत नाही.

२. ‘न तपासलेला’ हा शब्द दिसला की थांबा

गेल्या हिवाळ्यात एका मुलाचा फोन आला.

“काका, पन्नास व्हीट सेंटचा रोल मिळतोय. न तपासलेला आहे म्हणतात. कागदावर जुन्या बँकेचं नाव आहे आणि एका टोकाला इंडियन हेड दिसतंय. घेऊ का?”

“कितीला?”

“पंचवीस डॉलर.”

“दुसऱ्या टोकाला काय दिसतंय?”

“गव्हाच्या ओंब्या.”

व्हीट सेंट १९०९ ते १९५८ या काळातले. पुढे लिंकन, मागे ओंब्या. साल आणि टांकसाळीची खूण, दोन्ही लिंकनच्या बाजूला. म्हणजे टोकाला ओंब्या दिसत असतील तर ज्यावर किंमत ठरते ते सगळं आत दडलेलं. वर त्याआधीच्या काळातला इंडियन हेड सेंट लावला की माणसाच्या मनात १९०९ चा सॅन फ्रान्सिस्कोचा, ‘व्हीडीबी’ अक्षरांचा सेंट नाचायला लागतो. तो फक्त ४,८४,००० पाडला गेला आणि आज झिजलेला असला तरी शेकडो डॉलरना जातो. पण हिशेब मांडून बघा. झिजलेलं साधं इंडियन हेड दोन-तीन डॉलरला कुठेही मिळतं, आणि साधे व्हीट सेंट काही सेंटांना एक. पंचवीस डॉलर देऊन फार तर सहा-सात डॉलरचा माल घरी येणार.

जुन्या बँकांचे कोरे कागद विकत मिळतात, कागदाची टोकं आत वळवून दाबणारं यंत्रही मिळतं. त्यामुळे घट्ट दाबलेलं टोक हा कसलाच पुरावा नाही. “उघडून दाखवतो” असं आपणहून म्हणणाऱ्याकडूनच मी घेतो. त्या मुलाने तो रोल घेतला नाही. त्याच पैशांत त्याने एका दुकानातून सुटे व्हीट सेंट भरपूर आणले आणि दोन आठवडे भिंगाखाली बघत बसला. मला त्याचा फार आनंद झाला.

३. चांदीचा रोल कडेने वाचा

१९६४ पर्यंतच्या क्वार्टरचा रोल म्हणजे मुळात चांदीची खरेदी. नवं नाणं ६.२५ ग्रॅमचं, चाळीस नाण्यांचे २५० ग्रॅम. १९६५ नंतरचा बिनचांदीचा क्वार्टर ५.६७ ग्रॅमचा, चाळीसांचे सुमारे २२७. स्वयंपाकघरातला काटाही हा फरक दाखवतो. मात्र काट्यावर सगळा भरवसा नको. वापरून गुळगुळीत झालेली जुनी नाणी मुळातच हलकी भरतात, त्यामुळे मध्ये एक-दोन बिनचांदीची सारली तर वजन काही बोलत नाही.

कड बोलते. रोल पारदर्शक नळीतला असेल तर ती दिव्याखाली आडवी धरायची आणि सावकाश फिरवायची. चांदीची कड सलग पांढरी, फार तर काळवंडलेली. बिनचांदीच्या नाण्याच्या पोटात तांबं असतं, ते कडेवर तांबूस रेघेसारखं दिसतं. चाळीस पांढऱ्या कडांमध्ये एक तांबडी रेघ लगेच डोळ्यांत भरते. कागदी रोलमध्ये हे बघता येत नाही, म्हणून चांदी कागदात घेऊ नये.

भावाचं गणितही तोंडपाठ ठेवा. वापरलेल्या नाण्यांत व्यापारी एका दर्शनी डॉलरमागे ०.७१५ ट्रॉय औंस चांदी धरतात. दहा डॉलरच्या रोलला ७.१५ औंस. त्या दिवसाच्या भावाने गुणा. विक्रेता त्यापेक्षा बराच जास्त मागत असेल तर कशासाठी, हे त्याने सांगायला हवं. साल दुर्मीळ आहे? नाणी कोरी आहेत? नसतील तर पुढच्या विक्रेत्याकडे जा.

४. सगळ्यांनी जपलेलं दुर्मीळ होत नाही

१९५० साली डेन्व्हरच्या टांकसाळीत निकेल फक्त २६,३०,०३० पाडले गेले. आकडा बाहेर आला आणि लोकांनी रोलच्या रोल उचलून ठेवले. १९६४ च्या सुमारास दोन डॉलर दर्शनी किमतीचा रोल बाराशे डॉलरपर्यंत चढला, मग भाव कोसळला. तो आजही तिथे परतलेला नाही. कारण साधं आहे: नाणी कमी होती, पण ती खर्च कुणी केलीच नाहीत. उलट त्या सालाचं वापरून झिजलेलं निकेलच आज सहज सापडत नाही.

१९९९ ते २००८ या काळात पन्नास राज्यांचे क्वार्टर निघाले तेव्हाही घराघरांत रोल साठले. एकट्या व्हर्जिनियाचे, २००० साली, फिलाडेल्फियात ९४.३ कोटी पाडले गेले. कुणी ते रोल वारसा म्हणून विकायला आणले की मला वाईट वाटतं, कारण बहुतेकांना दर्शनी किमतीवर फारसं काही मिळत नाही.

१२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियात चलनासाठीचा शेवटचा सेंट पाडला गेला. आठवण म्हणून २०२५ चा एक रोल पन्नास सेंटांना मिळाला तर जरूर ठेवा. गुंतवणूक म्हणून त्याला वीस डॉलर देऊ नका. अमेरिकेत अब्जावधी सेंट डब्यांत आणि खणांत पडून आहेत.

५. कोऱ्या नाण्यांचा रोल एकजिनसी असतो

जुना, खरोखर न उघडलेला रोल उघडला की आतली नाणी भावंडांसारखी दिसतात. चकाकी एक, रंग एक, कित्येकदा ठसाही एकच. म्हणजे ठशाला गेलेली बारीक चीर नाण्यामागून नाण्यावर उमटलेली सापडते. फक्त टोकाची दोन नाणी कागदाला आणि हवेला लागून काळवंडलेली. याउलट निम्मी झगझगीत, निम्मी फिकी, दोन-चारांवर बोटांचे ठसे असं दिसलं तर चांगली नाणी आधीच वेचून तो पुन्हा भरला आहे. अशा रोलला कोऱ्याचा भाव द्यायचा नाही. नाण्यांवर हिरवट, चिकट थर दिसला तर तो वाईट प्लास्टिकचा. ती नाणी घेऊच नका. आणि घरी आणलेलं नाणं कधीही घासू नका.

६. चांदीच्या मॉर्गन डॉलरचा रोल एकेक नाणं मोजून

वीस नाणी, पैसा मोठा आणि बनावट माल भरपूर. प्रत्येक नाणं २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर. लोहचुंबकाला चिकटलं तर खोटंच; नाही चिकटलं म्हणून खरं असं मात्र नाही. कार्सन सिटीची ‘सीसी’ खूण असेल तर ती भिंगाखाली बघा, कारण साध्या नाण्यावर ती नंतरही चिकटवतात. विक्रेत्यासमोर टेबलावर फडकं पसरा, नळी हळूच आडवी करा, नाणी कडेने धरून एकेक तपासा. त्याला घाई असेल तर नळी बंद करून त्याच्याकडे परत द्या.