राज्यसभा : विसर्जित न होणारे सभागृह

प्रास्ताविक

विधानसभेच्या निवडणुकीत तुम्ही मतदान केले असेल. आपल्या मताने आपल्या मतदारसंघाचा आमदार ठरतो, एवढेच त्या दिवशी आपल्या मनात असते. परंतु त्याच मताचा आणखी एक परिणाम होतो आणि तो दिल्लीपर्यंत पोहोचतो. आपण निवडलेले आमदार पुढे राज्यसभेचे सदस्य निवडतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या मतदारांनी जी विधानसभा निवडली, तिच्या आमदारांच्या संख्याबळावर फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यसभेचे सहा सदस्य बिनविरोध निवडून आले. त्या सदस्यांची मुदत एप्रिल २०३० पर्यंत आहे. म्हणजे २०१९ मधील मताचा प्रभाव सुमारे अकरा वर्षे टिकणार आहे. दरम्यान ती विधानसभा संपली आणि नवी विधानसभा आली, तरीही हे सदस्य आपल्या जागी राहिले.

राज्यसभेची रचना कशी ठरते, निवडणुकीनंतर ती कशी बदलते आणि या बदलाचा कायद्यांवर काय परिणाम होतो, हे या पाठात आपण पाहणार आहोत. पाठात थोडे गणित आहे. ते घाबरण्यासारखे नाही. मात्र वही-पेन्सिल जवळ ठेवा.

सभागृहाची घडण

भारतीय संविधानाच्या ८० व्या अनुच्छेदानुसार राज्यसभेत जास्तीत जास्त २५० सदस्य असू शकतात. त्यांपैकी २३८ राज्यांचे व केंद्रशासित प्रदेशांचे प्रतिनिधी असतात आणि १२ सदस्यांची नियुक्ती राष्ट्रपती करतात. प्रत्यक्षात सभागृहाची सदस्यसंख्या २४५ आहे : २३३ निवडून आलेले आणि १२ नियुक्त. १९५२ मध्ये हे सभागृह अस्तित्वात आले तेव्हा एकूण जागा २१६ होत्या. त्याची पहिली बैठक १३ मे १९५२ रोजी भरली. 'राज्यसभा' हे हिंदी नाव ऑगस्ट १९५४ मध्ये रूढ करण्यात आले. भारताचे उपराष्ट्रपती हे या सभागृहाचे पदसिद्ध सभापती असतात.

कोणत्या राज्याला किती जागा, हे संविधानाच्या चौथ्या अनुसूचीत दिलेले आहे. उत्तर प्रदेशाला ३१, महाराष्ट्राला १९, तामिळनाडूला १८, तर गोवा, सिक्कीम, मणिपूर, मिझोराम यांसारख्या लहान राज्यांना प्रत्येकी एक जागा आहे. अमेरिकेच्या सिनेटमध्ये लहान-मोठ्या प्रत्येक राज्याला दोनच जागा असतात. आपल्या संविधानकारांनी तो मार्ग स्वीकारला नाही. सुरुवातीला जागांची वाटणी करताना पहिल्या पन्नास लाख लोकसंख्येपर्यंत दर दहा लाखांमागे एक आणि त्यापुढे दर वीस लाखांमागे एक, असे सूत्र वापरण्यात आले. त्यामुळे मोठ्या राज्याला अधिक जागा मिळतात, पण लोकसंख्येच्या अगदी प्रमाणात मिळत नाहीत. लहान राज्याच्या बाजूने पारडे किंचित झुकते ठेवलेले आहे.

साहित्य, विज्ञान, कला व समाजसेवा या क्षेत्रांतील विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या व्यक्ती नियुक्त केल्या जातात. शास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस, अभिनेते पृथ्वीराज कपूर, 'धर्मशास्त्राचा इतिहास' लिहिणारे पां. वा. काणे, नाटककार मामा वरेरकर ही सुरुवातीच्या काळातील काही नावे. पुढे लता मंगेशकर आणि सचिन तेंडुलकर यांचीही नियुक्ती झाली. निवडून आलेल्यांमध्ये एक नाव आवर्जून सांगावे लागेल. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत पराभूत झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच वर्षी मुंबई राज्यातून राज्यसभेवर आले आणि डिसेंबर १९५६ मधील महापरिनिर्वाणापर्यंत ते या सभागृहाचे सदस्य होते.

एकतृतीयांश सदस्यांची निवृत्ती

लोकसभा विसर्जित होते. राज्यसभा होत नाही. प्रत्येक सदस्याची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी सुमारे एकतृतीयांश सदस्य निवृत्त होतात. पण सर्व सदस्य १९५२ मध्ये एकाच वेळी आले असताना हे चक्र सुरू कसे झाले? त्यासाठी चिठ्ठ्या टाकण्यात आल्या. काहींना दोन वर्षांची, काहींना चार वर्षांची, तर काहींना पूर्ण सहा वर्षांची मुदत मिळाली. महाराष्ट्राच्या १९ जागा आजही अशाच तीन गटांत विभागलेल्या आहेत : एका फेरीत सात, उरलेल्या दोन फेऱ्यांत सहा-सहा.

या व्यवस्थेमुळे राज्यसभेचे चित्र लोकसभेप्रमाणे एका रात्रीत पालटत नाही. एखाद्या राज्यात सत्तांतर झाले तरी त्या राज्याचे जुने प्रतिनिधी मुदत संपेपर्यंत राहतात. विहिरीत नवे पाणी झिरपत यावे आणि जुने हळूहळू उपसले जावे, तसा हा बदल असतो.

मात्र हे चक्र सर्वत्र सुरळीत राहिले आहे असे नाही. पंजाबमध्ये १९८७ ते १९९२ या काळात राष्ट्रपती राजवट होती. विधानसभाच नसल्याने राज्यसभेच्या जागा भरता आल्या नाहीत आणि पुढे त्या एकदम भरल्या गेल्या. परिणामी पंजाबच्या सातही जागा एकाच वर्षी रिकाम्या होऊ लागल्या. मार्च २०२२ मध्ये तेथे आम आदमी पक्षाला ११७ पैकी ९२ आमदारांचे बहुमत मिळाले आणि त्या एकाच वर्षात राज्याच्या सातही जागा त्या पक्षाकडे गेल्या. जम्मू-काश्मीरच्या चार जागाही फेब्रुवारी २०२१ पासून ऑक्टोबर २०२५ पर्यंत रिकाम्या होत्या, कारण मतदान करणारी विधानसभा बराच काळ अस्तित्वात नव्हती आणि ती निवडली गेल्यानंतरही या जागांची निवडणूक होण्यास वर्ष लागले. ज्यांचे आमदार नाहीत, त्यांचा आवाज वरिष्ठ सभागृहातही नाही.

मतांचे गणित

राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार केवळ एका नावापुढे खूण करत नाहीत. ते उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितात. या पद्धतीला एकल संक्रमणीय मतपद्धती म्हणतात. 'संक्रमणीय' म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारे. हा शब्द जड वाटला तरी त्यामागील कल्पना साधी आहे : निवडून येण्यासाठी जेवढी मते पुरेत, त्यांहून अधिक मते एखाद्याला मिळाली, तर ती वाया जाऊ नयेत.

एक खरे उदाहरण घेऊ. १० जून २०२२ रोजी महाराष्ट्रात सहा जागांसाठी निवडणूक झाली. रिंगणात सात उमेदवार होते. १९९८ नंतर प्रथमच राज्यात राज्यसभेसाठी प्रत्यक्ष मतदान घ्यावे लागले; मधल्या काळात पक्ष आपापल्या संख्याबळाप्रमाणे उमेदवार देत आणि निवडणूक बिनविरोध होई. विधानसभेत २८८ जागा आहेत. एका आमदाराचे निधन झाले होते, तुरुंगात असलेल्या दोघांना मतदानाची परवानगी मिळाली नाही, म्हणून २८५ आमदारांनी मतदान केले. त्यांपैकी एक मत निवडणूक आयोगाने अवैध ठरवले. वैध मते उरली २८४.

एकाहून अधिक जागा असतील तर प्रत्येक मताचे मूल्य १०० धरतात. म्हणून एकूण मूल्य २८,४००. जागा सहा, त्यांत एक मिळवला की सात. २८,४०० ला ७ ने भागल्यास ४,०५७ येतात. बाकी सोडून द्यायची आणि एक मिळवायचा. ४,०५८ हा कोटा झाला. म्हणजे पहिल्या पसंतीची ४१ मते मिळवणारा उमेदवार थेट निवडून येतो.

सहाने न भागता साताने का भागायचे? सहा जणांनी प्रत्येकी ४,०५८ मूल्य घेतले की २४,३४८ संपतात आणि ४,०५२ उरतात. उरलेल्या मूल्यात सातवा माणूस कोट्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. सहा जण निवडून येतील पण सात येणार नाहीत, अशी ही सर्वांत लहान संख्या आहे.

निकाल असा लागला. भाजपचे पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८, काँग्रेसचे इम्रान प्रतापगढी यांना ४४, राष्ट्रवादी काँग्रेसचे प्रफुल्ल पटेल यांना ४३ आणि शिवसेनेचे संजय राऊत यांना ४१ पहिल्या पसंतीची मते मिळाली. पाच जागा भरल्या. सहाव्या जागेसाठी शिवसेनेचे संजय पवार यांना ३३, तर भाजपचे धनंजय महाडिक यांना २७ मते होती. साध्या मोजणीत पवार विजयी झाले असते. परंतु गोयल व बोंडे यांच्याकडे प्रत्येकी ७४२ एवढे अतिरिक्त मूल्य होते आणि त्यांच्या मतपत्रिकांवर दुसरी पसंती महाडिकांना होती. २,७०० मध्ये त्या मूल्याची भर घालून पाहा. अपूर्णांक सोडून दिल्याने थोडी घट होते, तरीही ४,०५८ ची रेषा ओलांडली जाते. महाडिक निवडून आले. पसंतीक्रम कोणाला कसा द्यायचा याचे नियोजन पक्ष आधीच का करतात, हे आता तुमच्या लक्षात येईल.

या निवडणुकीत मतदान गुप्त नसते, हीही ध्यानात घेण्याजोगी बाब आहे. आमदारांच्या मतांची खरेदी-विक्री होते, असे आरोप वारंवार होत. त्यावर उपाय म्हणून २००३ मध्ये कायदा बदलण्यात आला. पक्षाच्या आमदाराने आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते. इतर कोणाला दाखवल्यास मत बाद होते. अपक्ष आमदाराने ती कोणालाही दाखवायची नसते. त्याच बदलाने उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असण्याची अटही काढून टाकली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कुलदीप नय्यर यांच्या याचिकेवर निकाल देताना हे दोन्ही बदल वैध ठरवले. रहिवासाची अट गेल्यावर 'राज्यांचे प्रतिनिधी' या शब्दांना पूर्वीचे वजन राहिले आहे का, हा प्रश्न मात्र रास्तच आहे.

उघड मतदानाने मते फुटणे थांबले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशात एका जागेसाठी निवडणूक झाली. ६८ आमदारांच्या सभागृहात दोन्ही उमेदवारांना नेमकी ३४-३४ मते पडली. चिठ्ठी काढावी लागली आणि भाजपचे हर्ष महाजन विजयी घोषित झाले. काँग्रेसचे अभिषेक मनु सिंघवी पराभूत ठरले.

एका मताची किंमत

एवढ्या आकडेमोडीचा सामान्य माणसाच्या आयुष्याशी काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. धनविधेयकाच्या बाबतीत राज्यसभेचा अधिकार अल्प आहे. ती ते जास्तीत जास्त चौदा दिवस रोखू शकते. साध्या विधेयकावर दोन्ही सभागृहांत मतभेद झाला तर संयुक्त बैठक बोलावता येते. अशा विधेयकांवरील संयुक्त बैठका आजवर १९६१, १९७८ आणि २००२ या तीनच वर्षांत झाल्या. परंतु घटनादुरुस्तीसाठी संयुक्त बैठकीचा मार्ग नाही. तेथे राज्यसभेचे स्वतंत्र दोनतृतीयांश बहुमत लागतेच.

सप्टेंबर १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द करणारे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत आले. बाजूने १४९ आणि विरोधात ७५ मते पडली. २२४ चे दोनतृतीयांश १४९.३३ होतात. पूर्ण एका मतानेही नव्हे, तर मताच्या तिसऱ्या हिश्श्याने विधेयक पडले. तनखे अखेर १९७१ मधील २६ व्या घटनादुरुस्तीने रद्द झाले.

दुसरे उदाहरण तुमच्या गावाजवळचे आहे. १९८९ मध्ये पंचायत राज संस्थांना घटनात्मक दर्जा देणारे ६४ वे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेने मंजूर केले. तेव्हा लोकसभेत सत्ताधारी काँग्रेसकडे चारशेहून अधिक जागा होत्या. राज्यसभेत मात्र आवश्यक बहुमत जमले नाही आणि ऑक्टोबर १९८९ मध्ये विधेयक पडले. राज्यांना डावलून केंद्र थेट गावापर्यंत हात घालते आहे, असा विरोधकांचा आक्षेप होता. नव्या स्वरूपातील ७३ वी घटनादुरुस्ती संसदेने डिसेंबर १९९२ मध्ये संमत केली आणि ती एप्रिल १९९३ मध्ये अमलात आली. ग्रामपंचायतीत महिलांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखीव झाल्या त्या तिच्यामुळे. ही तीन वर्षे वाया गेली की त्या काळात अधिक सहमती घडली, याविषयी दोन मते असू शकतात. वस्तू व सेवा कराच्या घटनादुरुस्तीबाबतही तसेच झाले. २०१५ मध्ये लोकसभेत ती मंजूर झाली, राज्यसभेत प्रवर समितीकडे गेली आणि काही बदलांसह ३ ऑगस्ट २०१६ रोजी संमत झाली.

पाठगत प्रश्न

१. राज्यसभा विसर्जित होत नाही, तरी तिची रचना बदलत राहते. हे कसे, ते पंजाबच्या उदाहरणासह लिहा.

२. एका विधानसभेत ७० आमदार आहेत व राज्यसभेच्या ३ जागा भरायच्या आहेत. सर्व मते वैध असल्यास कोटा किती येईल? थेट निवडून येण्यासाठी पहिल्या पसंतीची किमान किती मते लागतील?

३. 'उघड मतदानामुळे आमदाराचे स्वातंत्र्य कमी होते.' या मताच्या बाजूने किंवा विरोधात दहा ओळी लिहा.

४. तुम्ही राहता त्या राज्याच्या राज्यसभेतील जागा किती आहेत आणि त्यांपैकी पुढील फेरीत किती रिकाम्या होणार आहेत, याची माहिती मिळवा. तुमच्या आमदाराने मागील फेरीत मतदान केले होते की निवडणूक बिनविरोध झाली होती, तेही शोधा व अभ्यासकेंद्रावर आपल्या सहाध्यायींशी चर्चा करा.