राजधानीचे आकाश

मुंबई ही आपल्या राज्याची राजधानी. परंतु तेथे दिव्यांचा झगझगाट एवढा की, रात्री मोजकेच तारे दिसतात. म्हणून त्या नगरीस आकाशासाठी निराळे घर बांधावे लागले. वरळीचे नेहरू तारांगण ३ मार्च १९७७ रोजी उघडले. आत अंधार, वर पांढरा घुमट. त्यावर यंत्राने पाडलेले प्रकाशबिंदू हेच तारे. असे पहिले यंत्र जर्मनीतील झाइस कारखान्याने १९२३ साली सिद्ध केले. वर्षभराचे आकाश त्यात काही मिनिटांत फिरते, आणि आपल्याकडील चार महिन्यांच्या पावसाचाही त्यास अडथळा नाही!

शहापूरच्या मुलांनी आसनगावास, मुरबाडच्यांनी कल्याणास गाडी धरावी व तारांगण अवश्य पाहावे. तेथे मृग नक्षत्र आणि त्याच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण नीट ओळखावयास शिकावे. मग थंडीच्या दिवसांत, रात्र पडल्यावर, घरच्या आजोबांस पूर्वेकडे बोट दाखवून विचारावे की, खळ्यावर राखणीस निजणारे जुने लोक ज्यावरून रात्र किती उरली ते सांगत, ते तिकांडे हेच काय? पालकांस विनंती एवढीच की, त्या घटकेस अंगणातील दिवा मालवावा.